गवत पोटाला लागतंय, तरी गायी हाडं चघळतात. असं का?

खिल्लारवाला (सांगोला, सध्या उत्तर क्वीन्सलंड)

नमस्कार मंडळी. घर सांगोल्याकडचं, दावणीला खिल्लार. मी सध्या ऑस्ट्रेलियात आहे. चार्टर्स टॉवर्स गावापासून बराच आत, गुरांच्या एका स्टेशनवर, म्हणजे अफाट मोठ्या कुरणावर कामाला. गुरं ब्राह्मन आणि ब्राह्मन-संकर, सगळी मांसासाठी वाढवलेली. वशिंड आणि गळ्याची पोळी बघून आधी घरची आठवण आली, पण सारखेपणा तिथंच संपतो. इथं गोठा नाही, गव्हाण नाही, धार काढणं नाही. एकेक कुंपण एवढं मोठं की गुरं पलीकडच्या कडेला गेली तर दिवसभर दिसत नाहीत. वर्षातून दोनदा गोळा करायची, वासरं आईपासून तोडायची, विकायची ती बाजूला काढायची, बाकीची पुन्हा रानात.

आता मुद्दा. सध्या फेब्रुवारी म्हणजे इथला ऐन पावसाळा. परवा लाल मातीच्या रानात एक गाय मान वर करून उभी दिसली, पायाशी दोनेक महिन्यांचं वासरू. वाटलं घशात काही अडकलंय. जवळ गेलो तर तोंडात आडवं नळीचं हाड, जुनं, पांढरंफटक. दाढेखाली फिरवत होती, कडाकड आवाज येत होता, दोन्ही जबड्यांतून लाळेच्या तारा लोंबत होत्या. हाकललं तर हाड टाकलं नाही, घेऊनच पळाली. आणि गवत तिच्या पोटाला लागत होतं!

मॅनेजर म्हणतो, फॉस्फरस कमी आहे. त्यासाठी पांढरी पूड आणि मीठ कालवून जुन्या टायरच्या गव्हाणीत ठेवतात. पण हे सगळं पावसाळ्यात. चिखलात गाडी रुतते, ओढे आडवे येतात, तरी आत्ताच नेऊन टाकायचं हा हट्ट. उन्हाळ्यात (इथला कोरडा काळ मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर) रस्ते कोरडे ठणठणीत असतात, तेव्हा मात्र युरियाचं चाटण. मला हे उलटं वाटतं. गवत वाळल्यावर सगळंच कमी पडत असेल ना, मग सगळं तेव्हाच का देत नाहीत?

आणखी एक गंमत. ओढ्यापलीकडे काळ्या दगडाचा, बसाल्टचा पट्टा आहे. तिथली गुरं ह्याच पुडीला तोंड लावत नाहीत आणि हाडांकडे बघतही नाहीत. स्टेशन एक, जात एक, पाऊस एक.

आबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, आपण ५० ग्रॅम मिनरल मिक्श्चर देतोच की, तुझ्या साहेबाला तेच दे म्हणावं. कुणी जाणकार आहे का इथं?

---

निवृत्त पशुवैद्य (उदगीर)

पहिली गोष्ट, त्या रानात मेलेली जनावरं पडलेली असतील तर आधी ती जाळायची किंवा पुरायची सोय करा. आणि बॉट्युलिझमची लस दिलेली आहे का, हे मॅनेजरला आजच विचार. सडक्या मांसाच्या, हाडांच्या चिकट्यात त्या जंतूचं विष तयार होतं. जनावर हाड चघळतं फॉस्फरससाठी आणि मरतं विषाने. आधी मागचे पाय लुळे पडतात, मग जनावर बसतं, जीभ ओढली तर आत घेत नाही. ताप नाही, शुद्ध पूर्ण. एकदा आडवं पडलं की उपाय फारसा राहत नाही.

हे कोडं पहिल्यांदा दक्षिण आफ्रिकेत सुटलं. तिथं हजारो गुरं अशी लुळी पडून मरायची आणि लोकांना वाटायचं की कुठली तरी विषारी वनस्पती खाण्यात येतेय. आर्नोल्ड थायलर या पशुवैद्यकाने १९२० च्या सुमारास साखळी जुळवून दाखवली: मातीत फॉस्फरस नाही, म्हणून गवतात नाही, म्हणून गुरं हाडं खातात, म्हणून विषबाधा. हाडाची भुकटी खाऊ घातली, हाडं चघळणं थांबलं.

आपल्याकडेही हाडं, चिंध्या, माती, गोठ्याची भिंत चाटणारी जनावरं मी नोकरीत खूप पाहिली. ताज्या व्यालेल्या म्हशीला दोन-चार आठवड्यांत लाल लघवी होते, त्यातही बऱ्याचदा रक्तातला फॉस्फरस खाली गेलेला असतो. आपल्या लोकांना ते नजर लागल्यासारखं वाटतं.

पण हजार-दीड हजार गुरं मोकळ्या रानात, हा माझा प्रांत नाही. माहीत असणारं कुणीतरी येईल.

---

टाउन्सव्हिलची (मूळ परभणी)

आले. परभणीला पशुवैद्यक केलं, आता इथं कुरणातल्या गुरांच्या आहाराचंच काम करते. खिल्लारवाल्या, तुझा मॅनेजर बरोबर आहे, फक्त त्याने तुला नीट समजावलं नाही. सवडीने लिहिते, चहा घेऊन बस.

आधी माती. तू म्हणतोस ती गंमत नाही, सगळं उत्तर तिथंच आहे. चार्टर्स टॉवर्सच्या आसपासची लाल, जुनी, झिजलेली माती फॉस्फरसने कंगाल. बसाल्टची त्यामानाने नवी आणि श्रीमंत, आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्याच जातीची. इथे मातीतला फॉस्फरस कॉलवेल नावाच्या चाचणीने मोजतात. आकडा ८ च्या वर असला तर गुरांना वेगळा फॉस्फरस द्यायची गरज सहसा पडत नाही. ५ च्या आसपास आला की गुरं मागे पडतात. त्याहून खाली गेला की तू पाहिलंस तसली दृश्यं. म्हणून बसाल्टवरच्या गायी पुडीकडे बघत नाहीत. तिथं ती टाकत असाल तर बंद करा, पैसे वाचतील.

आता पावसाळाच का. ती हाड चघळणारी गाय घे. वजन साडेचारशे किलोच्या आसपास असेल, पाच लिटर दूध वासराला पाजत असेल. हिरवं गवत भरपूर, तेव्हा ती दिवसाला पाणी वजा जाता साधारण नऊ किलो चारा खाते. लाल मातीतल्या गवतात फॉस्फरस ०.१ टक्का धर, म्हणजे मिळाले नऊ ग्रॅम. तिला स्वतःचं शरीर चालवायला आणि दूध करायला मिळून लागतात सतरा-अठरा. उरलेले ती हाडातून काढते. जनावराच्या अंगातला ८० टक्के फॉस्फरस हाडांतच असतो, ती तिची बँकेतली ठेव. दूध देताना ठेव मोडते, पुढच्या वर्षी ठेव कमी, त्याच्या पुढच्या वर्षी खडखडाट. मग पाय ताठरतात, चाल लाकडासारखी होते, भूकही मंदावते. हे नीट लक्षात घे. फॉस्फरस कमी पडला की जनावर कमी खातं. म्हणजे समोर कमरेइतकं गवत असून ते पोटात जात नाही.

कोरड्या काळात काय होतं? गवत वाळलं, प्रथिनं उतरली, गाय आटली, वासरू तोडलं. ती वाढत नाही, दूध करत नाही, नुसती तग धरून असते. तेव्हा तिची फॉस्फरसची गरजच निम्म्याच्या आसपास येते आणि तिला अडवतात ती प्रथिनं. अशा वेळी महागडी पांढरी पूड घातली तर बरीचशी शेणावाटे रानात. जे सगळ्यात कमी आहे ते आधी भरायचं: पावसाळ्यात लाल मातीवर फॉस्फरस, उन्हाळ्यात सगळीकडे नायट्रोजन, म्हणजे प्रथिनांचा कच्चा माल. गाडी रुतली तरी.

गंमत म्हणजे बहुतेक स्टेशनांवर नेमकं उलटं व्हायचं, कारण उन्हाळ्यात रस्ते चांगले आणि माणसं मोकळी! फॉस्फरस द्यायचं हे कळून शंभर वर्षं झाली. नॉर्दर्न टेरिटरीत किडमन स्प्रिंग्जच्या सरकारी केंद्रावर २०१४ पासून ब्राह्मन कालवडींचे दोन गट फॉस्फरस नसलेल्या रानात ठेवून बघितले. एका गटाच्या चाटणात फॉस्फरस, दुसऱ्याच्या नाही, बाकी सगळं सारखं. वजनात, पहिल्या वेतानंतर पुन्हा गाभण राहण्यात आणि मरतुकीत फरक एवढा पडला की वाद घालायला जागा उरली नाही. तरी वाद घालणारे आहेतच.

किती द्यायचं? लेकुरवाळ्या गायीला दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस. तुमची पांढरी पूड बहुधा मोनो-डायकॅल्शियम फॉस्फेट असेल, त्यात २१ टक्के. म्हणजे पन्नास ग्रॅम पूड, निम्मं मीठ धरून गायीमागे रोज शंभर ग्रॅम चाटण. पिशवीवर पशुखाद्याच्या दर्जाचं असं लिहिलंय ना, ते बघ. स्वस्त मिळतं म्हणून कच्चं रॉक फॉस्फेट घालणारे असतात. त्यात फ्लोरीन असतं, दातांचं आणि हाडांचं वाटोळं करतं. आणि थायलरचा हाडाच्या भुकटीचा उपाय आता इथे चालत नाही. मॅड काऊ प्रकरणानंतर रवंथ करणाऱ्या जनावरांना मांस-हाडाची भुकटी घालायला कायद्याने बंदी आहे.

युरियाचं चाटण. हा भाग मला जास्त आवडतो. ऑगस्टमधली वाळलेली चारशे किलोची गाय घे. गवत उभं आहे पण पिवळं, प्रथिनं ४ टक्के. दिवसाला सहा किलो खाते, म्हणजे २४० ग्रॅम प्रथिनं. कोठीपोटातल्या जंतूंना नीट काम करायला चाऱ्यात ७ टक्क्यांच्या आसपास लागतात, म्हणजे ४२०. तूट १८० ग्रॅम. आता युरिया ६० ग्रॅम. त्यात नायट्रोजन ४६ टक्के, त्याला ६.२५ ने गुणलं की प्रथिनांच्या हिशेबात जवळजवळ १७२ ग्रॅम. तूट भरली! गायीला युरिया पचत नाही, तो जंतूंना लागतो. जंतू वाढतात, वाळलं गवत जोरात कुजवतात, पोट लवकर रिकामं होतं, गाय जास्त चरते. वाळक्या गवताचं खाणं दहापासून तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतं.

म्हणूनच एक अट आहे आणि ती कुठल्याही कंपनीचा विक्रेता ठासून सांगत नाही. रानात वाळलं का होईना, गवत उभं पाहिजे. चाटण गवत संपवायला मदत करतं, गवत तयार करत नाही. धुरळा उडणाऱ्या रानात युरिया टाकणं म्हणजे पैसे घालवून गुरं मारणं. तिथं गुरं कमी करा, लवकर विका, वासरं लवकर तोडा. खरं सांगायचं तर गाय वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे, वासरू वेळेवर तोडणं. चाटणाचा नंबर नंतर.

साधं मिश्रण असं असतं: मीठ ४०, युरिया ३०, अमोनियम सल्फेट ६, सरकी पेंड १४, फॉस्फेट १० (उन्हाळ्यातल्या कमी गरजेपुरतंच). रोज दोनशे ग्रॅम खाल्लं की साठ ग्रॅम युरिया गेला. अमोनियम सल्फेट गंधकासाठी, त्याशिवाय जंतू प्रथिनं पुरती बांधू शकत नाहीत. पाच भाग युरियाला एक भाग, एवढं डोक्यात ठेव. नुकत्या तोडलेल्या वासरांना युरिया निम्मा, आणि तोही हळूहळू चढवत. त्यांना पेंड जास्त लागते.

बाकी मोजमाप. "गुरं चाटतायत" हे उत्तर नव्हे. तीनशे गायींत चौदा दिवसांत एक टन संपलं तर गायीमागे रोज २३८ ग्रॅम. झालं, एवढंच गणित, पण कुंपणागणिक वहीत पाहिजे. वही नसेल तर तू सुरू कर, मॅनेजरच्या नजरेत भरशील.

आबांचं म्हणणं. घरच्या जनावराला गव्हाचा कोंडा जात असेल तर किलोभर कोंड्यातच दहाएक ग्रॅम फॉस्फरस असतो. म्हणून दावणीच्या जनावराला हा प्रश्न त्या मानाने कमी, निव्वळ माळावर चरणाऱ्याला जास्त. पाकीट उलटं करून फॉस्फरसचा टक्का वाचायला सांग. १२ टक्के असेल तर ५० ग्रॅममध्ये सहा ग्रॅम झाले. खिल्लाराला पुरे. तुझ्या साहेबाच्या लाल मातीतल्या दुभत्या गायीला नाही. शिवाय आबा प्रत्येकाच्या तोंडासमोर घमेलं धरतात. इथं दीड हजार गायींना कोण धरणार?

---

माळकरी शेतकरी (बार्शी)

ताई, वाचून डोळे उघडले. माझ्याकडे सहा गायी, चार म्हशी, कडबा भरपूर पण पेंडीचे भाव परवडत नाहीत. घरचं सोयाबीन आहे, त्याची भरड घालतो. त्यात खताचा युरिया चमचा-दोन चमचे टाकला तर चालेल का? ६० ग्रॅम म्हणजे तसा फार नाही.

---

निवृत्त पशुवैद्य (उदगीर)

थांबा! आज संध्याकाळी काही करू नका.

कच्च्या सोयाबीनमध्ये असं द्रव्य असतं की ते युरियाचा झपाट्याने अमोनिया करतं. दोन्ही एकत्र म्हणजे घरच्या घरी विष. अर्ध्या-पाऊण तासात जनावर अस्वस्थ, थरथर, तोंडाला फेस, पोट फुगलेलं, मग आडवं. मी असे पंचनामे लिहिलेत. तसं झालंच तर लगेच डॉक्टरला बोलवायचं. पोटात नळी घालून भरपूर गार पाणी आणि व्हिनेगर देतात, पण ते तासाभरात झालं पाहिजे. आडव्या पडलेल्या जनावराला बाटलीने काही पाजू नका, फुफ्फुसात जातं.

कडबा सुधारायचा तर युरिया प्रक्रिया करा. १०० किलो कुट्टीला ४ किलो युरिया, ५०-६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडून, दाबून, ताडपत्रीखाली हवाबंद २१ दिवस. उघडल्यावर वास उडू द्यायचा, मग थोडं थोडं सवयीने. सहा महिन्यांखालच्या वासरांना नाही. नाहीतर बाजारातली चाटण वीट घ्या. गुळाची मळी, युरिया, खनिजं घालून ती कडक केलेली असते, जनावर चावू शकत नाही, चाटूच शकतं, म्हणून भस्सकन पोटात जात नाही.

---

टाउन्सव्हिलची (मूळ परभणी)

डॉक्टरसाहेबांशी शंभर टक्के सहमत. दहा जनावरांसाठी तर मी युरियाच्या भानगडीत पडूच नका म्हणेन. अर्धा किलो सरकी पेंड दिली की शंभर-सव्वाशे ग्रॅम प्रथिनं जातात, तीही सुरक्षित. तुमची भाकड जनावरं तेवढ्यावर निघतील, दुभत्यांना जास्त लागेल. युरिया ही दीड हजार गुरांच्या लोकांची गरज आहे, कारण त्यांना रोज गाडीभर पेंड शंभर किलोमीटर आत न्यायला परवडत नाही. सोयाबीन विका, पेंड घ्या.

आणि खिल्लारवाल्या, युरियाचं चाटण तुमच्या हातून मारतं ते बहुतेक दोन वेळा. एक, उपाशी गुरांना एकदम मोकळं सोडलं. आधी नुसतं मीठ द्यायचं, मिठाची हाव फिटली की युरिया चढवायचा. दोन, अवकाळी पाऊस. गव्हाणीत पाणी साचतं, युरिया त्यात विरघळतो, गाय ते पाणी घटाघटा पिते. टायरच्या तळाला भोकं आहेत का, ते आजच बघ.

---

खिल्लारवाला (सांगोला, सध्या उत्तर क्वीन्सलंड)

ताई, डॉक्टर, दोघांचे आभार. लस टोचलेली आहे, दरवर्षी गुरं गोळा करताना देतात. भोकं पाहिली. बहुतेकांना होती, तीन गव्हाणींची मातीने बुजली होती, पहारीने मोकळी केली.

वही सुरू केली. मागच्या हंगामाच्या पिशव्यांच्या पावत्या मॅनेजरच्या खोक्यात सापडल्या, त्यावरून हिशेब काढला तर विचित्र आकडे. धरणाच्या तळ्यावर पाणी पिणाऱ्या कळपाने उन्हाळ्यात गायीमागे रोज चारशे ग्रॅमच्या वर खाल्लंय. बोअरच्या पाण्यावरच्या कळपाने पन्नास ग्रॅमसुद्धा नाही, तिथल्या पिशव्या तशाच दगड झाल्यात. चाटण एकच, एकाच गाडीतून गेलेलं. मॅनेजर म्हणतो त्या गुरांना गरज नसेल. पण मी त्यांना सप्टेंबरमध्ये पाहिलंय, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी होती.

दुसरं, शेजारच्या स्टेशनवर सुबाभळीच्या रांगा लावल्यात, मध्ये गवत. गुरं काय चमकत होती! आपल्याकडे सुबाभळीने केस गळतात म्हणतात ना?

---

टाउन्सव्हिलची (मूळ परभणी)

बोअरचं पाणी चाखून बघ. खारट, मचूळ लागतं ना? मग झालं. जनावर चाटणाकडे येतं ते मिठासाठी, गरज ओळखून नव्हे. फॉस्फरस नसलेली गुरं हाडं शोधतात हे खरं, पण प्रथिनांची अशी ओढ त्यांना नसते. पाण्यातूनच मीठ मिळालं की ती गव्हाणीपाशी कशाला येतील? तिथं मीठ कमी करून पेंड किंवा मळी वाढवा म्हणजे चव लागेल. तळ्यावर उलट करा, मीठ वाढवा म्हणजे लगाम बसेल. चारशे ग्रॅम म्हणजे १२० ग्रॅम युरिया, दुप्पट. गुरं वाचली हे नशीब, पैसे मात्र गेले. गव्हाणीही वाढवा. एकच असली की चार दांडग्या गायी तिथून हलत नाहीत आणि पहिलारू कालवडी लांबून बघत बसतात.

सुबाभळीचं डॉक्टरसाहेब सांगतील, आपल्याकडचं ते जास्त जाणतात.

---

निवृत्त पशुवैद्य (उदगीर)

सुबाभळीच्या लाटेत आम्ही सगळेच होतो. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने ती गावोगाव नेली, बांधावर लावा म्हणून आम्हीही सांगायचो. पाल्यात प्रथिनं वीस टक्क्यांच्या वर, शेळ्या तुटून पडायच्या. पण निव्वळ सुबाभूळ घातली की शेपटीचे केस जायचे, कधी गलगंड, कधी गाभ राहायचा नाही. पाल्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. म्हणून आम्ही एकूण चाऱ्याच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याच्या वर देऊ नका म्हणायचो. तुझ्या शेजाऱ्याची गुरं तर दिवसभर त्यातच असणार. मग त्यांचे केस कसे शाबूत?

---

टाउन्सव्हिलची (मूळ परभणी)

कारण त्यांच्या पोटात हवाईच्या शेळ्यांचे जंतू आहेत! खरंच. इथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत रेमंड जोन्स नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या लक्षात आलं की हवाई बेटांवरच्या शेळ्या सुबाभळीवर जगतात आणि त्यांना काही होत नाही. १९८० च्या दशकात त्या शेळ्यांच्या कोठीपोटातले जंतू इथल्या गुरांच्या पोटात सोडले, विष पचायला लागलं. त्यातल्या जंतूला पुढे जोन्स यांचंच नाव मिळालं. आजही सुबाभळीवर गुरं सोडण्याआधी काही जनावरांना ते जंतू पाजतात, बाकीच्यांना त्यांच्यापासून लागण होते.

मात्र लाल मातीत सुबाभूळ नीट वाढत नाही, तिलाही फॉस्फरस हवा. तुमच्या रानात काही लावायचं झालं तर स्टायलो हे चाऱ्याचं पीक बघा. महाराष्ट्रात स्टायलो हेमाटा म्हणून बियाणं मिळतं ना, त्याचीच भावंडं. गरीब मातीत तग धरतं आणि शेंगवर्गीय असल्यामुळे प्रथिनंही देतं. पण हेही ऐक. स्टायलो गरीब मातीत वाढतं म्हणून गुरांना त्यातून फॉस्फरस मिळतो असं नाही. उलट प्रथिनं सुधारली की फॉस्फरसची तूट आणखी उघडी पडते.

तुझ्या ब्राह्मन गायींना घरची समजतोस ते तसं चूकही नाही. अमेरिकेत ही जात तयार झाली ती भारतातून गेलेल्या गुरांवर. गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर कृष्णा खोऱ्याचं, म्हणजे सांगली-बेळगावकडचं रक्तही त्यात सांगतात. १९३३ साली ती अमेरिकेतून क्वीन्सलंडात आली. सांगोल्याहून फार लांबची पाहुणी नाही.

आता काम सांगते. पावसाळा संपता संपता, गवत अजून हिरवं असताना, लाल मातीतल्या आणि बसाल्टवरच्या वाढत्या वयाच्या, पूड न मिळालेल्या पंधरा-वीस जनावरांचं रक्त तपासून घ्या. वाळल्यावर तपासलं तर आकडा फसवतो. मातीचे नमुनेही दोन्हीकडचे. जूननंतर दर महिन्याला ताज्या दहा-बारा पोहांतलं थोडं थोडं शेण एकत्र करून, वाळवून प्रयोगशाळेला पाठव. प्रकाशकिरणांच्या यंत्राने ते गुरांनी खाल्लेल्या चाऱ्यातली प्रथिनं आणि पचनीयता सांगतात. पचनीयतेला प्रथिनांनी भागलं आणि उत्तर आठाच्या वर जाऊ लागलं की युरिया सुरू करायचा, तोवर नाही. कॅलेंडर बघून नको.

---

खिल्लारवाला (सांगोला, सध्या उत्तर क्वीन्सलंड)

पाणी चाखलं. मचूळच आहे, चहा फाटेल असं. मॅनेजरला सगळं वाचून दाखवलं, म्हणजे इंग्रजीत सांगितलं. बसाल्टवर पूड टाकणं कालपासून बंद केलं, तेवढं त्याला लगेच पटलं. मार्चअखेर रक्त काढू म्हणतोय. तपासणीचे पैसे मालकाने द्यायचे की खाद्य विकणाऱ्या कंपनीने, यावर अडलंय. कंपनी द्यायला तयार आहे.

---

टाउन्सव्हिलची (मूळ परभणी)

मालकाने. आणि अहवाल थेट तुमच्याकडे येऊ दे.